सिकलसेल-थॅलेसेमियाचे वाहक कमी खर्चात शोधायचे असतील तर पीसीआर मशीन आधी घेऊ नका

प्रश्न असा आहे: विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लहान प्रयोगशाळा आहे. सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप, सेल काउंटर आणि एक तंत्रज्ञ एवढी व्यवस्था आहे. गरोदर बायका आणि कॉलेजातली मुलं-मुली यांच्यातले सिकलसेल व थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत बदललेली पण स्वतः आजारी नसलेली माणसं, शोधायचे आहेत. थोडा निधी हाताशी आहे. हे हिमोग्लोबिनचे जनुकीय आजार आहेत, म्हणजे डीएनए तपासावा लागणार; मग सगळ्यात स्वस्त पीसीआर मशीन (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र) कोणतं घ्यावं?

पहिल्या टप्प्यावर कोणतंच घेऊ नये. जनुकातला बदल शोधायचा म्हणून दर वेळी जनुकच वाचावं लागतं असं नाही. सिकलसेलमध्ये ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या शब्दात) जीएजीच्या जागी जीटीजी येतं, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि तयार झालेलं हिमोग्लोबिन एस ऑक्सिजन काढून घेतला की विरघळेनासं होतं. वाहकाच्या म्हणजे एएस माणसाच्या (एक जनुक सामान्य ए, एक एस; दोन्ही एस असलेला एसएस म्हणजे रुग्ण, दोन्ही ए असलेला एए म्हणजे सामान्य) रक्तात ते साधारण २५ ते ४० टक्के असतं. एवढ्या प्रमाणात असलेली गोष्ट परीक्षानळीत नुसत्या डोळ्यांनी दिसते. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिनचा प्रकार बदलत नाही, बीटा साखळी कमी बनते. त्यामुळे तांबड्या पेशी लहान राहतात आणि हिमोग्लोबिन ए२ या एरवी थोड्याच असणाऱ्या प्रकाराचं प्रमाण वाढतं. या दोन्ही खुणा डीएनएपर्यंत न जाता पकडता येतात. म्हणून साध्या चाचणीने चाळणी लावायची, एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांची टक्केवारी देणाऱ्या यंत्राने) पक्कं करायचं आणि जिथे या दोन्हींनी उत्तर मिळत नाही तिथेच डीएनए तपासायचा, हा क्रम ठेवा. खर्च वाचतो तो या क्रमामुळे.

खरेदीआधी जिल्ह्याच्या सिकलसेल कार्यक्रमाकडे चौकशी करा. १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरवलं होतं. किट आणि एचपीएलसीची सोय त्यातून होत असेल तर तुमचा निधी दुसऱ्या कामाला लावता येईल. नागपूर भागातलं सिकलसेल १९५८पासून वैद्यकीय नोंदीत आहे, आणि विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात ते गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा यांच्यापुरतं मर्यादित नाही. नवबौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत सापडतं. त्यामुळे जात किंवा जमात विचारून कोणाची चाचणी करायची ते ठरवू नका. सरसकट सगळ्यांची करा.

सोल्युबिलिटी चाचणी

ही सिकलसेलची चाळणी: हिमोग्लोबिन एस विरघळत नाही म्हणून द्रावण गढूळ होतं. हिचं द्रावण प्रयोगशाळेतच बनवता येतं. एक लिटरसाठी निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ५ ग्रॅम आणि सॅपोनिन १ ग्रॅम लागतं. पण एक लिटर बनवू नका. डायथायोनाइट हवेतल्या ऑक्सिजनने मरतं आणि तयार द्रावण फ्रीजमध्येही आठवडाभरच भरवशाचं राहतं. १०० मिलिलिटर बनवा: २१.५ ग्रॅम, १६.९ ग्रॅम, ०.५ ग्रॅम आणि ०.१ ग्रॅम. त्यात ५० नळ्या होतात. त्याहून बरं म्हणजे दोन्ही फॉस्फेटांचं बफर करून ठेवावं आणि डायथायोनाइट व सॅपोनिन शिबिराच्या दिवशी सकाळी घालावं. विरघळवण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी डायपोटॅशियम मीठ पूर्ण विरघळू द्या, मग दुसरं फॉस्फेट, मग डायथायोनाइट, शेवटी सॅपोनिन. मिठं खूप आहेत, घाईत सगळी एकदम टाकली तर तळाशी गोळा बसतो आणि बफरची ताकद ठरल्यापेक्षा कमी राहते. ताकद कमी झाली की हिमोग्लोबिन एस विरघळून जातं आणि वाहक निगेटिव्ह दिसतो.

१२ × ७५ मिलिमीटरच्या नळीत २ मिलिलिटर द्रावण घ्या. फ्रीजमधून काढलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं २० मायक्रोलिटर रक्त घाला, नीट मिसळा, ५ मिनिटं ठेवा. पांढऱ्या कार्डावर काळ्या बारीक रेघा काढून नळी त्या कार्डापासून अडीच सेंटिमीटरवर धरा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मन साशंक असेल तर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १२०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पटीवर) ५ मिनिटं फिरवा: पॉझिटिव्हमध्ये वर गडद लाल थर जमतो आणि खालचा द्रव फिका गुलाबी किंवा रंगहीन होतो.

प्रत्येक वेळी शेजारी दोन नळ्या हव्यात, एक माहीत असलेल्या एएस रक्ताची आणि एक सामान्य एए रक्ताची. एएसची नळी गढूळ झाली नाही तर त्या दिवशीचे सगळे निगेटिव्ह निकाल बाद समजा. कंट्रोल म्हणून एसएस रुग्णाचं रक्त वापरू नका. ते मेलेल्या द्रावणातही थोडंफार गढूळ होतं आणि खोटा दिलासा देतं. वाहक ओळखायचा आहे तर कंट्रोलही वाहकाचाच हवा.

आता ही चाचणी कुठे फसते ते. हिमोग्लोबिन ७-८ ग्रॅमच्या खाली असेल तर २० मायक्रोलिटरमध्ये पुरेशा पेशीच नसतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. अशा वेळी रक्त दुप्पट घ्या, किंवा नमुना फिरवून खालच्या घट्ट पेशी १० मायक्रोलिटर घ्या. घट्ट पेशी घेण्याचा आणखी एक फायदा आहे: रक्तद्रवातली प्रथिनं किंवा चरबी वाढल्यामुळे येणारा खोटा गढूळपणा टळतो. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तरीही गढूळपणा येतो. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ही चाचणी करू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाचीही करू नका, त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन एफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) भरलेलं असतं आणि एस असूनही रेघा स्वच्छ दिसतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र निकाल सांगताना होते. ही चाचणी एएस आणि एसएस यांच्यात फरक करू शकत नाही. पॉझिटिव्हचा अर्थ 'हिमोग्लोबिन एस आहे' एवढाच. त्यावरून कुणाला 'तुम्हाला सिकलसेल आहे' असं सांगायचं नाही. उलट, धडधाकट दिसतो म्हणून वाहकच असणार असंही गृहीत धरू नका. आपल्याकडे एस जनुक बहुतेक अरब-भारतीय हॅप्लोटाइपचं (एकत्र वारशाने येणाऱ्या आसपासच्या बदलांच्या ठेवणीचं) असतं, त्यासोबत हिमोग्लोबिन एफ जास्त राहतं, आणि काही एसएस माणसं मोठेपणापर्यंत फारसा त्रास न होता जगतात.

डायथायोनाइटबद्दल एक खबरदारी. ते ओलसर झालं की तापतं आणि पेटूही शकतं. शक्य तितका लहान पॅक घ्या, अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या घट्ट बंद कोरड्या कुप्या करून ठेवा, आणि उरलेली पावडर सिंकमध्ये ओतू नका.

नेस्ट्रॉफ्ट आणि सेल काउंटर

थॅलेसेमियासाठी सगळ्यात स्वस्त चाळणी म्हणजे नेस्ट्रॉफ्ट, पातळ मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी फुटतात का ते पाहणारी चाचणी. मीठ ९० ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १३.६५ ग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट २.४३ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवलं की १० टक्क्यांचं मूळ द्रावण होतं. त्यातलं ३६ मिलिलिटर घेऊन एक लिटर केलं की ०.३६ टक्क्यांचं बफर्ड सलाइन तयार. एका नळीत ते २ मिलिलिटर, दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड वॉटर २ मिलिलिटर. दोन्हींत २०-२० मायक्रोलिटर रक्त, आणि अर्धा तास हलवायचं नाही. मग हलकेच मिसळून काळ्या रेघेसमोर धरा. सामान्य पेशी या द्रावणात फुटतात, द्रावण पारदर्शक होतं, रेघ दिसते. वाहकाच्या पेशी टिकून राहतात आणि रेघ पुसट होते किंवा दिसतच नाही. पाण्याच्या नळीत रेघ दिसायलाच हवी. दिसली नाही तर त्या नमुन्याचं वाचन बाद.

इथे बहुतेक चुका पाण्यामुळे आणि वजनकाट्यामुळे होतात. ०.३६ऐवजी ०.४० टक्के झालं तर सामान्य माणसंही पॉझिटिव्ह दिसू लागतात. साबणाचा अंश राहिलेल्या नळीत सगळ्यांच्याच पेशी फुटतात आणि वाहक सुटतात. नळ्या शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पूर्ण वाळवा.

लोहाच्या कमतरतेतही नेस्ट्रॉफ्ट पॉझिटिव्ह येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-५) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया अॅनिमिक निघाल्या. म्हणजे गर्भवतींच्या तपासणीत खूप पॉझिटिव्ह येणार आणि त्यातल्या अनेकांचं कारण लोह असणार, हे धरूनच एचपीएलसीची सोय करा. हिमोग्लोबिन एस असलेल्या रक्तातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

सेल काउंटर हाताशी आहेच, त्याचे आकडे वाया घालवू नका. एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ८०च्या खाली किंवा एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७च्या खाली असेल तर पुढची तपासणी. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागून १३पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाकडे कल, जास्त आलं तर लोहाकडे; पण या भागाकारावरून कुणालाही यादीतून वगळू नका, दोन्ही एकत्र असतात तेव्हा तो फसवतो. सिकलसेल वाहकाचा सीबीसी (सेल काउंटरवरची रक्तगणना) पूर्ण सामान्य असतो, हे विसरून केवळ एमसीव्हीवर चाळणी लावणाऱ्या केंद्रांत एएस माणसं सर्रास सुटतात.

पट्ट्या

बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या आता मिळतात आणि दुर्गम पाड्यांसाठी त्या खरोखर उपयोगी आहेत. वीज लागत नाही, दहाएक मिनिटांत निकाल येतो, नवजात बाळातही चालतात, आणि एएस-एसएस वेगळे दाखवतात. पण वाचायची पद्धत प्रत्येकीची वेगळी आहे. सिकलस्कॅनमध्ये जे हिमोग्लोबिन आहे त्याची रेघ उमटते. हिमोटाइपएससीची रचना स्पर्धात्मक आहे, तिच्यात जे हिमोग्लोबिन आहे त्याची रेघ पुसली जाते. एकाच केंद्रात दोन्ही कंपन्यांच्या पट्ट्या आल्या आणि तंत्रज्ञाने सवयीने वाचन केलं, तर निकाल उलटा लागतो. एका केंद्रात एकच प्रकार ठेवा आणि वाचनाचा तक्ता भिंतीवर लावा. या पट्ट्यांना बीटा थॅलेसेमियाचा वाहक दिसत नाही, हिमोग्लोबिन डी आणि ई हे आणखी दोन बदललेले प्रकारही ओळखता येत नाहीत.

एचपीएलसीचा कागद वाचताना

एचपीएलसी मशीन ग्रामीण रुग्णालयाने विकत घेण्यात अर्थ नाही. कॉलम आणि रसायनांचा खर्च नमुने कमी असले तरी होतोच. ईडीटीएचे नमुने फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून दोनदा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा; गोठवू नका.

ए२ चार टक्के किंवा जास्त असेल तर बीटा थॅलेसेमिया वाहक. ३.५ ते ३.९ हा संशयाचा पट्टा. लोह कमी असेल तर ए२ खाली ओढलं जातं, बी१२ कमी असेल तर वर जाऊ शकतं. एरवी लोह भरून काढून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं योग्य, पण गरोदर बाईच्या बाबतीत थांबू नका. लोह सुरू करा आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी करा. नवरा सामान्य निघाला तर गर्भापुरता प्रश्न बहुतेक मिटतो.

एएस माणसाच्या एचपीएलसीत ए२ साडेतीन-चारच्या आसपास दिसलं म्हणून 'सोबत थॅलेसेमियाही' असं लिहू नका. हिमोग्लोबिन एसचे काही बदललेले रेणू ए२च्याच जागी बाहेर पडतात आणि आकडा फुगतो. ए आणि एस यांचं प्रमाण बघा. ए जास्त, एस कमी असेल तर एएस. एस जास्त आणि ए कमी असेल आणि रक्त चढवलेलं नसेल तर सिकल-बीटा थॅलेसेमियाचा (एका पालकाकडून एस, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया) विचार करा. हा आजार आहे, वाहकपणा नव्हे. एस ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोबत अल्फा थॅलेसेमिया (अल्फा साखळी कमी बनणं) असण्याची शक्यता असते, आदिवासी समाजांत ते पुष्कळ आढळतं. हिमोग्लोबिन ई हे ए२च्याच जागी येतं, म्हणून ए२ २५-३० टक्के दिसलं तर ते ई असतं. क्षारीय इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार विजेने वेगळे करण्याच्या पद्धतीत) एस आणि डी एकाच ठिकाणी धावतात. तिथे सोल्युबिलिटी उपयोगी पडते, डीमध्ये ती निगेटिव्ह असते.

मग डीएनए कधी, आणि स्वस्तात कसा

डीएनए लागतो तो तीन प्रसंगी. गर्भनिदानाआधी दोन्ही पालकांचा बदल नक्की माहीत हवा. रक्त चढवलेल्या रुग्णाचं निदान करायचं असतं. आणि एसएस की सिकल-बीटा-शून्य (बीटा साखळी अजिबात न बनणारा सिकल-बीटा थॅलेसेमिया) हे ठरवायचं असतं: दोन्हींत हिमोग्लोबिन ए नसतं, कागद सारखा दिसतो. अशा वेळी आधी आई-वडिलांची एचपीएलसी करा, अर्ध्याहून जास्त गुंते तिथेच सुटतात. उरले त्यांच्यासाठी डीएनए.

एवढ्यासाठी सिक्वेन्सर लागत नाही. साधा थर्मल सायकलर (पीसीआरचं यंत्र), आडवी जेल पेटी आणि प्रकाशपेटी पुरते. वाळलेल्या रक्ताच्या कार्डातून ३ मिलिमीटरचं एक छिद्र काढा, ०.५ टक्के सॅपोनिनमध्ये धुवा, १०० मायक्रोलिटर ५ टक्के चेलेक्स (धातूंचे आयन ओढून घेणारे बारीक मणी) घालून ५६ अंशांवर अर्धा तास आणि उकळत्या पाण्यात ८ मिनिटं ठेवा, फिरवा आणि वरचा ५ मायक्रोलिटर द्रव पीसीआरला घ्या. चेलेक्सचे मणी पिपेटमध्ये आले तर ते मॅग्नेशियम ओढून घेतात आणि जेलवर डीएनएचा पट्टा येतच नाही. हेपरिनच्या नळीतलं रक्त वापरू नका, हेपरिन पीसीआर अडवतं.

सिकलसेलसाठी डीडीई-१ हे डीएनए ठरावीक क्रमावर कापणारं एन्झाइम हा सोपा मार्ग आहे. सामान्य जनुकात सहाव्या कोडॉनपाशी सीटीजीएजी हा क्रम असतो, एन्झाइम तिथे कापतं. एस जनुकात तो सीटीजीटीजी होतो आणि काप पडत नाही. अडचण अशी की एन्झाइम जुनं झालं किंवा पचन अर्धवट राहिलं तरी काप पडत नाही आणि सामान्य माणूस वाहक दिसतो. म्हणून तुकडा असा निवडा की त्यात डीडीई-१ची दुसरी, कधीही न बदलणारी जागा असेल. तिथला काप पूर्ण झाला असेल तरच निकाल वाचा.

थॅलेसेमियाचे बदल शेकडो असले तरी भारतात आयव्हीएस-१-५ जी-सी, आयव्हीएस-१-१ जी-टी, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२ आणि ६१९ बेसजोड्यांची गळती (जनुकातला तेवढा तुकडा नसणं) एवढे पाच तपासले की बहुतेक वाहकांचं उत्तर मिळतं. शेवटचा बदल सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत अधिक. इथे आर्म्स-पीसीआर वापरा: प्रायमरचं (पीसीआर जिथून सुरू होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचं) ३' टोक बरोबर बदललेल्या बेसवर येतं आणि जुळलं तरच पट्टा येतो. २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात डीएनए ५० ते १०० नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, ९४ अंश १ मिनिट, ६५ अंश १ मिनिट, ७२ अंश दीड मिनिट, अशी २५ आवर्तनं. प्रत्येक नळीत ८६१ बेसजोड्यांचा कंट्रोल पट्टा हवा. तो नसेल तर 'बदल नाही' असं म्हणता येत नाही, पीसीआरच झालेली नसते. हीच कंट्रोल जोडी ६१९च्या गळतीच्या दोन्ही बाजूंना बसते, त्यामुळे गळती असेल तर २४२चा पट्टा आपोआप दिसतो. स्वतंत्र चाचणी लागत नाही.

पट्टा फिका आला म्हणून आवर्तनं ३५ करण्याचा मोह टाळा. जास्त आवर्तनं, जास्त डीएनए किंवा कमी तापमान यांत न जुळणारा प्रायमरही काम करू लागतो आणि सगळेच वाहक निघतात. प्रत्येक जेलवर सामान्य, वाहक आणि डीएनएऐवजी पाणी घातलेली नळी असे तीन कंट्रोल चालवा. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर दूषण झालंय. मिश्रण बनवण्याची खोली आणि जेल चालवण्याची खोली वेगळी, पिपेटही वेगळ्या. दोन खोल्या नसतील तर नमुने बाहेर पाठवा, हेच शहाणपणाचं.

गरोदर बाईचा वेळ

पहिल्याच भेटीत, शक्यतो १० आठवड्यांच्या आत, तिची सोल्युबिलिटी, नेस्ट्रॉफ्ट आणि सीबीसी करा. कशातही पॉझिटिव्ह आलं तर नवऱ्याच्या दोन्ही चाचण्या करा. बायको एएस असेल आणि नवरा थॅलेसेमिया वाहक असेल तरी प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. नवऱ्याची फक्त सोल्युबिलिटी केली तर हे जोडपं सुटतं. दोघं वाहक निघाले तर कोरिऑनिक व्हिलस तपासणीची (वारेचा बारीक तुकडा घेऊन केलेल्या) वेळ साधारण ११ ते १४ आठवडे, अॅम्निओसेंटेसिस (गर्भजल काढून तपासणं) १६च्या पुढे. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भनिदान पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्यात मान्य आहे, पण फक्त नोंदणीकृत केंद्रात. पुढे काय करायचं हा निर्णय त्या जोडप्याचा. आपण त्यांना वेळेत आणि बरोबर माहिती द्यायची. सासूसमोर निकाल वाचून दाखवू नका, 'दोष' हा शब्द वापरू नका, आणि नवऱ्याची तपासणी होण्याआधी एकट्या बाईच्या हातात पॉझिटिव्हचा कागद देऊन घरी पाठवू नका.

निधी कशावर खर्चायचा: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, दोन बऱ्या मायक्रोपिपेट आणि त्यांचं वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, लहान फ्रीज, नमुने नेण्याची व्यवस्था आणि समुपदेशकाचं मानधन. सायकलरचा विचार वर्षभराच्या नोंदीत डीएनएची गरज असलेले नमुने किती निघतात ते मोजल्यावर करा.

वाहकाच्या कागदावर 'एएस, सिकलसेल वाहक, आजार नाही, उपचार लागत नाही, जोडीदाराची तपासणी करावी' असं मराठीत स्पष्ट लिहा. थॅलेसेमिया वाहकाच्या कागदावर आणखी एक ओळ हवी: एमसीव्ही कायम कमीच राहणार, त्यामुळे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, गरोदरपणातल्या नेहमीच्या गोळ्या मात्र द्याव्यात.